आयबीडीच्या फाइलमधले रिपोर्ट कसे वाचावेत : पेशींचे कागद आणि अँटीबॉडीचे कागद

आयबीडी म्हणजे आतड्यात दीर्घकाळ दाह राहणारे आजार. त्यांतल्या अल्सरेटिव्ह कोलायटिस (पुढे नुसते ‘कोलायटिस’) किंवा क्रोन्स डिसीज यांचे निदान झालेल्या रुग्णाची फाइल वर्षभरातच जाड होते. तिच्यात रक्ताचे, मलाचे आणि बायॉप्सीचे रिपोर्ट असतात आणि त्यांतल्या बहुतेक कागदांवर रोगप्रतिकारक यंत्रणेचा कोणता ना कोणता घटक नोंदलेला असतो. कुठे न्यूट्रोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी), कुठे प्लाझ्मा पेशी (अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशी), कुठे ‘पी-अँका’ किंवा ‘ॲस्का’ नावाची अँटीबॉडी आणि महागडे इंजेक्शन सुरू झाल्यावर त्या इंजेक्शनविरुद्ध शरीराने तयार केलेली अँटीबॉडी. हे कागद कोणत्या क्रमाने पाहावेत, कोणत्या आकड्याला किती महत्त्व द्यावे आणि डॉक्टरांना नेमके काय विचारावे, हे या लेखात सांगितले आहे. औषध सुरू करणे, थांबवणे किंवा त्याची मात्रा बदलणे हे निर्णय पोटविकारतज्ज्ञांचेच आहेत. परंतु आपल्या फाइलमध्ये काय लिहिले आहे हे समजलेला रुग्ण पाच मिनिटांच्या भेटीतही नेमका प्रश्न विचारू शकतो.

वाचनाचा क्रम ठरवताना एक गोष्ट पक्की धरावी. या आजारात आतड्याचे नुकसान मुख्यतः पेशी करतात. रक्तात सापडणाऱ्या बहुतेक अँटीबॉडी त्या नुकसानीच्या खुणा असतात, तिचे कारण नव्हे. म्हणून पेशींविषयी सांगणारे रिपोर्ट आधी पाहावेत आणि अँटीबॉडींचे नंतर. अँटीबॉडींच्या रिपोर्टांतही निदानासाठी केलेल्या पॅनेलपेक्षा उपचारांशी संबंधित असलेले रिपोर्ट अधिक कामाचे असतात. अनेक रुग्ण याच्या नेमके उलट करतात. ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द दिसला की त्याच कागदाचा धसका घेतात.

आतड्याच्या भिंतीत काय बिघडते

निरोगी आतड्यात अब्जावधी जिवाणू आणि आपले रक्त यांच्यामध्ये पेशींचा एकच थर आणि त्यावरचा श्लेष्मा एवढेच अंतर असते. तरीही तेथे सतत दाह होत नाही, कारण या थराखालची रोगप्रतिकारक यंत्रणा संयमाने काम करते. शरीरातल्या प्लाझ्मा पेशींपैकी बहुसंख्य आतड्यात असतात आणि त्या मुख्यतः आयजीए या प्रकारची अँटीबॉडी बनवतात. ही अँटीबॉडी दररोज काही ग्रॅम इतक्या प्रमाणात आतड्याच्या पोकळीत सोडली जाते. ती जिवाणूंना चिकटून त्यांना भिंतीपासून दूर ठेवते आणि हे करताना दाह पेटवत नाही. भिंतीतल्या मॅक्रोफेज पेशी आत घुसलेले जिवाणू गिळून टाकतात, पण त्याचा गाजावाजा करत नाहीत. नियामक टी पेशी आणि त्यांचे आयएल-१० हे रसायन इतर पेशींना आवर घालत राहतात.

आयबीडीमध्ये हा समतोल ढळतो. आनुवंशिक प्रवृत्ती, आतड्यातल्या जिवाणूंमधला बदल आणि भिंतीची वाढलेली गळती यांपैकी सुरुवात कोठून होते हे रुग्णागणिक वेगळे असू शकते. पुढचा क्रम मात्र बराच सारखा असतो. रक्तातून येणाऱ्या मोनोसाइट पेशी आतड्यात शिरल्यावर शांत मॅक्रोफेज बनण्याऐवजी चिडलेल्या अवस्थेतच राहतात आणि टीएनएफ, आयएल-१ बीटा, आयएल-६ व आयएल-२३ ही रसायने सोडतात. आयएल-२३ मुळे टीएच-१७ प्रकारच्या टी पेशींना बळ मिळते, टीएच-१ पेशी इंटरफेरॉन गॅमा सोडतात आणि या साऱ्या हाकेला प्रतिसाद म्हणून न्यूट्रोफिल मोठ्या संख्येने आतड्याच्या भिंतीत येतात. व्रण, पू आणि रक्त यांत न्यूट्रोफिलांचा वाटा मोठा असतो. याच काळात प्लाझ्मा पेशींचा कलही बदलतो. आयजीएऐवजी आयजीजी बनवणाऱ्या पेशी वाढतात, जिवाणूंना आयजीजी चिकटते आणि असे जिवाणू गिळणारी मॅक्रोफेज आणखी चेतवली जाते. म्हणजे अँटीबॉडीचा सहभाग आहेच, पण तो पेशींनी पेटवलेल्या दाहात भर घालणारा आहे.

‘शरीर स्वतःवरच उलटले’ असे या आजाराचे वर्णन नेहमी केले जाते. ते अर्धेच बरोबर आहे. येथे हल्ल्याचा रोख प्रामुख्याने आतड्यातल्या जिवाणूंवर असतो आणि त्या मारामारीत आतड्याची भिंत भरडली जाते. रक्तातली एखादी अँटीबॉडी कमी केली की आजार आटोक्यात येईल, अशी अपेक्षा म्हणूनच धरू नये.

सुरुवात मलातल्या कॅलप्रोटेक्टिनपासून करावी

कॅलप्रोटेक्टिन हे प्रथिन न्यूट्रोफिलच्या पेशीद्रवात मोठ्या प्रमाणात असते. आतड्याच्या भिंतीत शिरलेले न्यूट्रोफिल पोकळीत उतरून फुटले की ते मलात मिसळते, त्यामुळे हा आकडा म्हणजे आतड्यात किती न्यूट्रोफिल आले याचे मोजमाप होय. प्रौढांमध्ये ५० मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅमपेक्षा कमी आकडा असेल, तर आतड्यात दाह असण्याची शक्यता कमी असते आणि लक्षणांमागे आयबीएससारखे (दाह नसलेला आतड्याचा विकार) दुसरे कारण असू शकते. २५० च्या वरचा आकडा सक्रिय दाहाकडे बोट दाखवतो. मधल्या पट्ट्यातला आकडा एकट्याने काही सांगत नाही, अशा वेळी काही आठवड्यांनी तपासणी पुन्हा करणे योग्य. चार वर्षांखालच्या निरोगी मुलांमध्येही हा आकडा बराच जास्त असतो, त्यामुळे त्यांना प्रौढांची मर्यादा लावू नये.

हा आकडा वाढला म्हणजे आयबीडीच झाली असे नाही. न्यूट्रोफिल कोणत्याही जंतुसंसर्गात येतात आणि आपल्याकडे अमिबा, शिगेला यांसारखे संसर्ग दुर्मीळ नाहीत. डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्यांनीही तो वाढतो. म्हणून तपासणीआधीच्या दोन-तीन आठवड्यांत अशा गोळ्या घेतल्या असतील, तर ते डॉक्टरांना सांगावे. नमुना शक्यतो सकाळच्या पहिल्या शौचाचा घ्यावा, त्यात लघवी किंवा पाणी मिसळू देऊ नये आणि दर वेळी एकाच लॅबमध्ये द्यावा, कारण वेगवेगळ्या पद्धतींनी काढलेल्या आकड्यांची तुलना करता येत नाही. नव्या रुग्णात किंवा आजार अचानक उसळल्यावर मलातील अमिबा, जिवाणूंचे कल्चर आणि क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल यांची तपासणी झाली आहे का, हे स्टेरॉइड सुरू होण्यापूर्वी आवर्जून विचारावे. अमिबाच्या कोलायटिसमध्ये स्टेरॉइड दिल्यास आतड्याला छिद्र पडण्यापर्यंत मजल जाऊ शकते.

रक्तातला सीआरपी (दाह झाला की वाढणारे प्रथिन) हा त्याच दाहाचा दूरचा पुरावा आहे. आयएल-६ च्या प्रभावाखाली तो यकृतात तयार होतो. क्रोन्समध्ये तो बऱ्याचदा वाढलेला दिसतो, पण दाह मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तरापुरता मर्यादित असलेल्या कोलायटिसमध्ये तो चक्क नॉर्मल असू शकतो. ‘सीआरपी नॉर्मल आहे, म्हणजे आजार शांत आहे’ असा निष्कर्ष काढू नये. फेरिटिनच्या (शरीरातला लोहसाठा दाखवणाऱ्या प्रथिनाच्या) बाबतीतही सावध राहावे. निरोगी माणसात ३० पेक्षा कमी फेरिटिन म्हणजे लोहाची कमतरता, परंतु दाह चालू असताना ते फसवे वाढते आणि १०० पर्यंतच्या आकड्यातही कमतरता लपलेली असू शकते.

बायॉप्सीच्या रिपोर्टमध्ये शोधायचे शब्द

पेशी प्रत्यक्ष पाहिल्या जातात त्या फक्त बायॉप्सीत, म्हणून हा कागद सावकाश वाचावा. प्रथम नमुने कोठून घेतले ते पाहावे. निदानाच्या वेळी लहान आतड्याचे शेवटचे टोक आणि गुदाशय धरून किमान पाच ठिकाणचे, प्रत्येकी दोन तुकडे असणे अपेक्षित आहे आणि ते वेगवेगळ्या बाटल्यांत जायला हवेत. सगळे तुकडे एकाच बाटलीत गेले असतील, तर दाह सलग आहे की तुटक, हे पॅथॉलॉजिस्टला सांगता येत नाही. कोलायटिस आणि क्रोन्स वेगळे ओळखण्याचा एक मोठा आधार तेथेच जातो.

‘क्रिप्टायटिस’ म्हणजे आतड्याच्या नळीसारख्या ग्रंथींच्या भिंतीत न्यूट्रोफिल शिरले आहेत. ‘क्रिप्ट ॲब्सेस’ म्हणजे ते ग्रंथीच्या पोकळीत साचले आहेत. हे दोन्ही शब्द ‘दाह आत्ता चालू आहे’ एवढेच सांगतात, कारण ते जंतुसंसर्गातही दिसतात. आजार जुनाट आहे हे सांगणारे शब्द निराळे आहेत. ग्रंथींची वाकडीतिकडी किंवा फांद्या फुटलेली रचना हा त्यांतला एक. दुसरा आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित शब्द ‘बेसल प्लाझ्मासायटोसिस’ हा आहे. प्लाझ्मा पेशी एरवी अस्तराच्या वरच्या भागात जास्त आणि तळाशी कमी असतात. त्या ग्रंथींच्या तळाशी दाटीने जमल्या, तर आजार काही आठवड्यांपासून चालू असल्याची ती लवकर दिसणारी खूण असते आणि आठ-दहा दिवसांच्या संसर्गजन्य जुलाबांपासून कोलायटिस वेगळा काढायला तिची मदत होते. उपचारांनंतरच्या बायॉप्सीत न्यूट्रोफिल नाहीसे झाले, पण ही गर्दी तशीच राहिली, तर आजार पुन्हा उसळण्याची शक्यता अधिक मानली जाते. ‘वरून सगळे भरले आहे’ असे दुर्बिणीतून दिसल्यानंतरही डॉक्टर गोळ्या चालू ठेवतात, त्यामागे हेही एक कारण असते.

‘ग्रॅन्युलोमा’ या शब्दावर भारतातल्या रुग्णाने थांबलेच पाहिजे. मॅक्रोफेज आणि टी पेशी यांचा हा गोळा क्रोन्समध्येही असतो आणि आतड्याच्या क्षयरोगातही. टीबीतले ग्रॅन्युलोमा सहसा मोठे, संख्येने जास्त आणि एकमेकांत मिसळलेले असतात आणि त्यांच्या मध्यभागी पेशी मरून दह्यासारखा भाग तयार झालेला असेल, तर निदान टीबीकडे जोराने झुकते. क्रोन्समधले ग्रॅन्युलोमा लहान आणि विखुरलेले असतात आणि बायॉप्सीच्या तुकड्यात ते अनेकदा सापडतही नाहीत. अडचण अशी की टीबीच्या कित्येक बायॉप्सींतही तो मृत भाग नसतो. त्याच तुकड्यावर केलेली जीनएक्स्पर्ट (टीबीच्या जंतूचे जनुक शोधणारी) तपासणी पॉझिटिव्ह आली तर ती भरवशाची असते; निगेटिव्ह आली म्हणून टीबी नाही, असे म्हणता येत नाही. सगळे करूनही निर्णय होत नसेल, तर आपल्याकडचे तज्ज्ञ अनेकदा टीबीची औषधे सुरू करून सुमारे दोन महिन्यांनी पुन्हा दुर्बिणीतून पाहतात आणि व्रण भरले आहेत का यावर पुढचे ठरवतात. या वेळी पोटदुखी कमी झाली का याला फारसा अर्थ नसतो, व्रण भरले का हेच पाहायचे असते. त्यामुळे ‘बरे वाटते आहे’ म्हणून ही दुसरी कोलोनोस्कोपी टाळू नये.

स्टेरॉइडने आराम पडत नसलेल्या कोलायटिसच्या रुग्णाने आणखी एक प्रश्न विचारावा: बायॉप्सीत सीएमव्ही विषाणूसाठी इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री (तुकड्यात विषाणू शोधणारी रंगतपासणी) केली आहे का? औषधांनी दबलेल्या टी पेशींचा फायदा घेऊन हा विषाणू डोके वर काढतो आणि अशा वेळी स्टेरॉइड वाढवणे हा उपाय ठरत नाही.

पी-अँका आणि ॲस्का : किती महत्त्व द्यावे

‘आयबीडी पॅनेल’ या नावाने होणाऱ्या तपासणीत बहुधा या दोन अँटीबॉडी असतात. पी-अँका ही न्यूट्रोफिलच्या केंद्रकाभोवतालच्या घटकांना चिकटणारी अँटीबॉडी कोलायटिसच्या निम्म्याहून अधिक रुग्णांत सापडते आणि क्रोन्समध्ये त्या मानाने क्वचित. ॲस्का ही पाव बनवण्याच्या यीस्टच्या पेशीभित्तिकेतल्या साखरेविरुद्धची अँटीबॉडी असून तिचे प्रमाण याच्या उलट, म्हणजे क्रोन्समध्ये जास्त असते. यीस्ट हा क्रोन्सचा जंतू नव्हे. भिंत गळकी झाल्यामुळे एरवी आतड्यातच राहणारे पदार्थ रोगप्रतिकारक पेशींसमोर येतात आणि त्यांच्याविरुद्ध अँटीबॉडी बनते. ॲस्का पॉझिटिव्ह आली म्हणून पाव सोडल्याने आजारात फरक पडत नाही.

भारतीय रुग्णाच्या दृष्टीने खरी गोम अशी आहे की आतड्याच्या टीबीतही भिंत गळकीच असते. ॲस्का टीबीच्या अनेक रुग्णांतही पॉझिटिव्ह येते आणि भारतात झालेल्या अभ्यासांत क्रोन्स व टीबी यांना वेगळे करायला तिचा उपयोग झालेला नाही. ज्या प्रश्नासाठी आपल्याकडे या तपासणीची सर्वाधिक गरज होती, त्याच प्रश्नावर ती मौन पाळते. सीलिॲक (गव्हातल्या ग्लुटेनमुळे होणाऱ्या) आजारातही ती पॉझिटिव्ह येऊ शकते. पी-अँकाच्या बाबतीत तांत्रिक मुद्दा असा की कोलायटिसमधला तिचा प्रकार वेगळा असतो. एमपीओ आणि पीआर-३ या घटकांवर आधारलेली एलायझा तपासणी निगेटिव्ह येऊनही इम्युनोफ्लुओरेसन्स या दुसऱ्या पद्धतीत ती दिसू शकते. म्हणून रिपोर्टवर पद्धत कोणती लिहिली आहे ते पाहावे.

या दोन्ही अँटीबॉडींची पातळी आजाराच्या चढउतारांबरोबर बदलत नाही. मोठे आतडे शस्त्रक्रियेने काढून टाकल्यानंतरही अनेक रुग्णांच्या रक्तात पी-अँका राहते. तेव्हा उपचारांचा परिणाम पाहण्यासाठी हे पॅनेल दर सहा महिन्यांनी करणे म्हणजे निव्वळ खर्च आहे. कोलोनोस्कोपी, बायॉप्सी आणि स्कॅन यांवरून निदान स्पष्ट असेल, तर ते एकदाही करण्याची गरज नसते. कोलायटिस की क्रोन्स हे ठरतच नसेल आणि शस्त्रक्रियेचा निर्णय समोर असेल, तेव्हा त्याची थोडी मदत होते.

या क्षेत्रातली एक नवी घडामोड लक्षवेधी आहे. जपानमधील क्योतो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये कोलायटिसच्या बहुसंख्य रुग्णांत अल्फा-व्ही बीटा-६ या इंटेग्रिनविरुद्ध, म्हणजे आतड्याच्या अस्तरपेशींवरच्या प्रथिनाविरुद्ध, अँटीबॉडी दाखवली. नंतर अमेरिकी सैनिकांच्या साठवलेल्या रक्तनमुन्यांत ती निदानाच्या कित्येक वर्षे आधीपासून असल्याचे आढळले. ही अँटीबॉडी केवळ खूण आहे की भिंत कमकुवत करण्यात तिचा हात आहे, यावर काम चालू आहे. घरातल्या निरोगी भावंडांची ही तपासणी करावी असा सल्ला मात्र आज कोणी देत नाही.

जेव्हा अँटीबॉडी हेच औषध असते

ज्या औषधांच्या नावाच्या शेवटी ‘मॅब’ येते ती सर्व कारखान्यात बनवलेल्या अँटीबॉडी असतात. टीएनएफला पकडणारी अँटीबॉडी क्रोन्सच्या रुग्णाला दिल्याचा पहिला अहवाल ॲमस्टरडॅममधून १९९३ मध्ये आला. रुग्ण एक लहान मुलगी होती. तेच औषध इन्फ्लिक्सिमॅब या नावाने १९९८ मध्ये अमेरिकेत क्रोन्ससाठी मंजूर झाले. पुढे ॲडॅलिम्युमॅब आले, टी पेशींना आतड्याच्या रक्तवाहिनीतून बाहेर पडू न देणारे व्हेडोलिझुमॅब आले, आयएल-१२ व आयएल-२३ यांना एकत्र अडवणारे उस्टेकिनुमॅब आणि केवळ आयएल-२३ ला अडवणारे रिसँकिझुमॅब आले. आपल्या फाइलमधले औषध यांपैकी कोणत्या दुव्यावर काम करते हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. पुढे औषध बदलायची वेळ आली तर त्याचा उपयोग होतो. प्रत्येक दुवा अडवणे फायद्याचे असतेच असे नाही. सोरायसिसमध्ये उत्तम चालणारे, आयएल-१७ ला अडवणारे सेक्युकिनुमॅब क्रोन्समध्ये वापरून पाहिले तेव्हा आजार काही रुग्णांत उलट बळावला, कारण आतड्यात आयएल-१७ भिंत टिकवण्याचेही काम करते. सोरायसिस किंवा सांधेदुखीसाठी असे इंजेक्शन चालू असेल, तर ते पोटविकारतज्ज्ञांना अवश्य सांगावे.

टीएनएफविरोधी औषध सुरू होण्यापूर्वी फाइलमध्ये काही कागद असलेच पाहिजेत. ग्रॅन्युलोमाची रचना टिकवून टीबीच्या जंतूला कोंडून ठेवण्याचे काम टीएनएफ करते आणि त्याला अडवले की वर्षानुवर्षे निपचित पडलेला टीबी उसळू शकतो. म्हणून छातीचा एक्स-रे, शक्य तेथे सीटी स्कॅन, मँटू चाचणी आणि इग्रा चाचणी यांचे रिपोर्ट पाहावेत. इग्रा ही अँटीबॉडीची तपासणी नसून टीबीच्या प्रथिनांना आपल्या टी पेशी प्रतिसाद देतात का, हे ती मोजते. त्यामुळे स्टेरॉइड चालू असताना ती खोटी निगेटिव्ह किंवा ‘अनिश्चित’ येऊ शकते. ती शक्यतो स्टेरॉइड सुरू होण्याआधी करून घ्यावी. सुप्त टीबी आढळल्यास आधी त्याचे औषध सुरू करतात आणि साधारण एक महिन्याने इंजेक्शनचा विचार होतो. टीबीच्या रक्तातल्या अँटीबॉडी मोजणाऱ्या चाचण्यांवर भारत सरकारने २०१२ मध्येच बंदी घातली आहे. तसा रिपोर्ट कोणी दाखवला, तर त्यावर कोणताही निर्णय घेऊ नये.

कावीळ-बी साठी तीन तपासण्या एकत्र पाहाव्यात. एचबीएसएजी पॉझिटिव्ह म्हणजे संसर्ग सध्या आहे. अँटी-एचबीसी पॉझिटिव्ह म्हणजे विषाणूशी कधी तरी गाठ पडली आहे आणि औषधांमुळे तो पुन्हा जागा होऊ शकतो. केवळ अँटी-एचबीएस पॉझिटिव्ह म्हणजे लसीचे संरक्षण आहे. तिन्ही निगेटिव्ह असतील, तर लस लवकर घ्यावी, कारण औषधांनी प्रतिकारशक्ती दबल्यावर लसीला मिळणारा प्रतिसाद मंदावतो.

औषधाची पातळी आणि औषधाविरुद्धची अँटीबॉडी

फाइलमधला हा सर्वांत कामाचा अँटीबॉडी रिपोर्ट आहे आणि बहुतेकांना तो समजावून सांगितला जात नाही. इन्फ्लिक्सिमॅबचा सुमारे चौथा हिस्सा उंदराच्या प्रथिनाचा असतो. आपल्या बी पेशी (ज्यांच्यापासून प्लाझ्मा पेशी बनतात) त्याला परके मानून त्याच्याविरुद्ध अँटीबॉडी बनवू शकतात. पूर्ण मानवी रचनेच्या ॲडॅलिम्युमॅबविरुद्धही त्या बनतात. अशी अँटीबॉडी औषधाला निष्प्रभ करते, ते रक्तातून लवकर काढून टाकते आणि कधी सलाइनमधून औषध देताना धाप, पुरळ, रक्तदाब उतरणे अशी रिॲक्शनही घडवते.

औषधाने आधी गुण येऊन नंतर लक्षणे परतली, तर दोन आकडे एकत्र मागावेत: औषधाची पातळी आणि त्याविरुद्धची अँटीबॉडी. रक्त पुढच्या डोसच्या अगदी आधी काढावे. डोसनंतर आठवड्याभरात काढलेल्या रक्तावरून काढलेला निष्कर्ष दिशाभूल करतो. इन्फ्लिक्सिमॅबसाठी साधारण ५ ते १० आणि ॲडॅलिम्युमॅबसाठी ८ ते १२ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर ही पातळी पुरेशी धरली जाते. आधी कॅलप्रोटेक्टिन किंवा दुर्बिणीतून दाह खरोखर चालू असल्याची खात्री करावी, आणि मग हे दोन आकडे वाचावेत. औषध कमी आणि अँटीबॉडीही नसेल, तर मात्रा वाढवून किंवा अंतर कमी करून काम होण्याची शक्यता असते. औषध जवळजवळ शून्य आणि अँटीबॉडी भरपूर असेल, तर मात्रा वाढवण्यात अर्थ नसतो आणि औषध बदलावे लागते. औषध भरपूर असूनही दाह चालूच असेल, तर या रुग्णातला दाह टीएनएफवर अवलंबून नाही असे समजून वेगळ्या दुव्यावरचे औषध निवडले जाते. अँटीबॉडीची पातळी अगदी कमी असेल, तर ती कधी कधी प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या ॲझाथायोप्रिनची जोड दिल्यावर ओसरते. मूळ इन्फ्लिक्सिमॅबविरुद्धची अँटीबॉडी त्याच्या बायोसिमिलरलाही (दुसऱ्या कंपनीने बनवलेल्या तशाच औषधालाही) ओळखते, त्यामुळे या कारणासाठी एका कंपनीचे सोडून दुसऱ्या कंपनीचे तेच औषध घेण्याने काही साधत नाही.

आपल्याकडे अँटीबॉडी बनण्याचे एक मोठे कारण आर्थिक आहे. दोन-तीन डोस घेऊन बरे वाटले की खर्चामुळे औषध थांबवले जाते आणि सहा-आठ महिन्यांनी आजार उसळल्यावर तेच पुन्हा सुरू केले जाते. मधल्या खंडात औषधाची पातळी शून्यावर येते आणि पुन्हा डोस मिळाल्यावर बी पेशी जोमाने अँटीबॉडी बनवतात. रिॲक्शनचा धोकाही अशाच वेळी जास्त असतो. म्हणून पहिला डोस घेण्यापूर्वीच निदान वर्षभराच्या खर्चाचा, विम्याचा आणि बायोसिमिलरच्या किमतीचा हिशेब मांडावा. ॲडॅलिम्युमॅबचे जगातले पहिले बायोसिमिलर डिसेंबर २०१४ मध्ये अहमदाबादच्या कंपनीने भारतातच बाजारात आणले आणि तेव्हापासून किमती बऱ्याच खाली आल्या आहेत. एवढा खर्च सातत्याने झेपणार नसेल, तर ते डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे. टोफॅसिटिनिबसारखी गोळी हे लहान रेणूचे औषध असल्याने तिच्याविरुद्ध अँटीबॉडी बनत नाही. तिचे स्वतःचे धोके, विशेषतः नागीण, वेगळे आहेत.

ॲझाथायोप्रिन चालू असेल, तर सीबीसीमधला पांढऱ्या पेशींचा आकडा दर वेळी पाहावा. ज्या जनुकातील बदलामुळे या औषधाने पांढऱ्या पेशी धोकादायक रीतीने घटतात, ते एनयूडीटी-१५ हे जनुक भारतीयांमध्ये टीपीएमटी या दुसऱ्या जनुकापेक्षा अधिक महत्त्वाचे आहे; पाश्चात्त्य पद्धतीने केवळ टीपीएमटी तपासून निश्चिंत होऊ नये. केस अचानक मूठमूठ गळू लागले किंवा ताप आला, तर पुढच्या गोळीआधी सीबीसी करून डॉक्टरांशी बोलावे.

गर्भवती रुग्णाने प्रसूतीआधी करायची गोष्ट

आयजीजी प्रकारची अँटीबॉडी नाळेतून बाळाकडे पोहोचवण्याची निसर्गाची सोय आहे आणि इन्फ्लिक्सिमॅब, ॲडॅलिम्युमॅब ही औषधे आयजीजीच असल्याने तीही तशीच जातात, शेवटच्या तीन महिन्यांत सर्वाधिक. बाळाच्या रक्तात ती कित्येक महिने राहू शकतात. आईचा आजार आटोक्यात ठेवणे बाळाच्याही हिताचे असल्याने ही औषधे गरोदरपणात सहसा चालू ठेवतात. आपल्या देशात मात्र बीसीजी ही जिवंत लस जन्मानंतर लगेच, अनेकदा प्रसूतिगृहातच देतात. गरोदरपणात इन्फ्लिक्सिमॅब घेतलेल्या आईच्या बाळाला बीसीजी दिल्यावर ती शरीरभर पसरून बाळ दगावल्याची घटना इंग्लंडमधून २०१० मध्ये नोंदली गेली आहे. म्हणून आठव्या महिन्यातच स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि पोटविकारतज्ज्ञ या तिघांनाही औषधाचे नाव आणि शेवटच्या डोसची तारीख लेखी द्यावी, आणि प्रसूतीच्या केसपेपरवर ‘बीसीजी विचारल्याशिवाय देऊ नये’ असे ठळक लिहून घ्यावे. ही लस किमान सहा महिने, काही मार्गदर्शक सूचनांनुसार वर्षभर, पुढे ढकलतात. तोंडावाटे देण्याच्या पोलिओ व रोटाव्हायरस या जिवंत लसींबाबतही बालरोगतज्ज्ञांनाच ठरवू द्यावे. कावीळ-बी, पेंटाव्हॅलंट आणि इंजेक्शनची पोलिओ लस यांत जिवंत जंतू नसल्याने त्या ठरलेल्या वेळीच द्याव्यात आणि आईने बाळाला अंगावर पाजण्यास या औषधांची आडकाठी नाही.